माझ्या हृदयाचा ओव्हरटाइम

"आपका दिल ज़रूरत से ज़्यादा मेहनत करता है," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि माझी बायको फस्सकन हसली.

एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात त्या खोलीत मी डाव्या कुशीवर आडवा होतो. अंगात शर्ट नाही, छातीवर गार जेली, आणि एसी असा की बस्तरचा वाघ आणून सोडला असता तर त्यानेही स्वेटर मागितलं असतं. शोभा, म्हणजे बायको, माझा शर्ट कवटाळून पायथ्याशी उभी होती. तिच्या हसण्याचा मला राग आला नाही. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून पाण्याचा ग्लास स्वतःच्या हाताने भरलेला नाही, जो हातून टीव्हीचा रिमोट पडला तर तो उचलायला पाहुणे येण्याची वाट बघतो, त्याच्या शरीरातला एखादा अवयव कामसू निघावा, हा धक्का तिला सोसवला नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही कोण्या दुसऱ्याचा फोटो तर नाही पाहून राहिल्या?"

मॅडमना मराठी कळत होतं, पण त्या हसल्या नाहीत. पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "एक बार फिर. मुँह बंद, नाक बंद, और अंदर से ज़ोर लगाइए."

मी जोर लावला. जोर लावण्यात माझा हात धरणारा रायपुरात पैदा झालेला नाही. पडद्यावरची रेघ उसळून वर गेली तसा मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस, बस! इतना नहीं!"

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. हायपरट्रॉफिक ऑब्स्ट्रक्टिव्ह कार्डिओमायोपथी. नाव कसलं, मालगाडी होती. इंजिन निघून गेलं तरी गार्डाचा डबा यायचाच. मॅडमनी डबे सोडवून दाखवले. हायपरट्रॉफी म्हणजे स्नायू जाड होणं. ऑब्स्ट्रक्शन म्हणजे अडथळा. कार्डिओमायोपथी म्हणजे हृदयाच्या स्नायूचा आजार. माझ्या हृदयाच्या दोन खालच्या खोल्यांमधली भिंत जाड झाली होती आणि रक्त बाहेर पडायच्या दारातच येऊन उभी राहिली होती. मी जोर लावला की दार आणखी अरुंद व्हायचं. इतकं की मेंदूला रक्त पोहोचायच्या आधी मी जमिनीवर पोहोचायचो.

हे सगळं ज्यांना पुढे कधी ऐकावं लागेल त्यांच्यासाठी लिहितो आहे. मी गप्पा मारणारा माणूस आहे, माझ्या सांगण्यातले बारा आणे सोडून द्यायची आमच्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, सवय आहे. पण इथे जे औषधाचं, तपासणीचं आणि डॉक्टरांचं आहे ते रुपयाला रुपया खरं आहे. बाकीच्याचं तुम्ही बघा.

दवाखान्यात मी पोहोचलो तो गणपतीमुळे.

आमचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलं आणि येताना एक शंख घेऊन आलं, असं आम्ही सांगतो. पाऱ्यातल्या गणपतीच्या आरतीला तो शंख आमच्याच घरच्या माणसाने फुंकायचा, हा मान. आजोबांनी फुंकला, काकाने फुंकला, मग मी. माझा शंख सुरू झाला की तेलीबांधा तलावाकाठी उभ्या असलेल्या गाड्यांचे अलार्म वाजत. एका दमात मी इतका वेळ फुंकायचो की आरती म्हणणारे "जय देव जय देव" पाशी थांबून माझ्याकडे बघत, आणि पोट्टे मोबाइलवर सेकंद मोजत.

गेल्या गणपतीत शेवटच्या आरतीला मी असाच लांबवला. टाळ्या ऐकू येत होत्या. मग टाळ्या दूर गेल्या, दिवे पिवळे झाले, आणि पुढचं मला माहीत नाही.

डोळे किलकिले केले तेव्हा कपाळावर कुंकू होतं, छातीवर नारळ होता, पायांवर कोणाचं तरी डोकं होतं आणि शेजारच्या काकू कानाशी विचारत होत्या, "देवा, आमच्या पोट्ट्याचं लग्न कधी होते?"

माझ्या अंगात आलं असा सगळ्यांचा समज झाला होता. शंख फुंकता फुंकता माणूस पांढराफटक पडतो, डोळे फिरवतो आणि देवापुढे कोसळतो, याचा दुसरा अर्थ आमच्या पाऱ्यात कोणी लावला नसता. आता इतक्या मानाने झोपवलेल्या माणसाने उठून "मले चक्कर आली होती" म्हणावं का? देवाचाच अपमान. मी डोळे मिटूनच म्हणालो, "पूर्वेकडची मुलगी. फाल्गुनात."

फाल्गुनात लग्न झालं. मुलगी ओडिशाची. त्यानंतर माझ्या पायरीवर इतकी गर्दी व्हायला लागली की सदर बाजारातले सोनार विचारून राहिले, तुमच्याकडे भाव काय चालू आहे.

मग एकादशीला शंख फुंकला, पुन्हा पडलो. संकष्टीला फुंकला, पुन्हा. एव्हाना मी एक युक्ती शिकलो होतो. डोळ्यांपुढे पिवळं झालं की चटकन उकिडवं बसायचं. बसलं की बरं वाटायचं. लोक म्हणायचे, बघा, देवापुढे कसा नमतो.

फक्त माझी पोरगी नमली नाही. मुक्ता, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, बास्केटबॉल खेळते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. संकष्टीला मी पडलो तेव्हा तिने नारळ घेऊन आलेल्या बाईंना बाजूला केलं, माझं मनगट धरलं आणि भर देवळात ओरडली, "पापा के होंठ नीले हैं! ये कौन-सा भगवान है जिसको साँस नहीं आती?"

"मुक्ते, असं बोलू नाही," शोभा म्हणाली.

"मम्मी, पिछले महीने सीढ़ी पे भी इनकी साँस फूल रही थी. वहाँ कौन-सी आरती चल रही थी?"

जिन्यावर धाप लागते ती मला गॅसमुळे, असं मी स्वतःच ठरवून अॅसिडिटीच्या गोळ्या खात होतो. दुसऱ्या दिवशी मुक्ताने मला स्कूटीवर मागे बसवलं आणि दवाखान्यात नेलं, शोभा ऑटोने मागून आली. रायपूरच्या रहदारीत ती स्कूटी जशी चालवते ते पाहता मला हृदयाचा आजार नसता तर वाटेत झाला असता.

मॅडमनी आधी नुसता स्टेथोस्कोप लावला. उभं राहा म्हणाल्या, ऐकलं. उकिडवं बसा म्हणाल्या, ऐकलं. पुन्हा उभं केलं. उभं राहिलं की हृदयातला खरखर आवाज, ज्याला ते मर्मर म्हणतात, वाढायचा. बसलं की कमी. बसल्यावर पायांतलं रक्त वर ढकललं जातं, हृदयाची खोली भरते, दार थोडं उघडतं. म्हणजे माझं देवापुढे नमणं हे औषधच होतं. मला वाटत होतं मी नाटक करून राहिलो, आणि शरीर आपलं खरंच जीव वाचवत होतं.

एको झाल्यावर त्यांनी विचारलं, "परिवार में किसी को दिल की तकलीफ़?"

"नाही," मी छाती काढून सांगितलं. "आमच्याकडे सगळे ठणठणीत."

"तो गुज़रे कैसे?"

हा प्रश्न मला विचारायचा नसतो. मी सुरू झालो. आजोबांनी विसर्जनाला तलावाच्या काठी असा शंख फुंकला की तळाचे मासे वर आले, बगळे मासे सोडून हात जोडून उभे राहिले, आणि त्या नादाबरोबर आजोबांचा प्राण सरळ वैकुंठाला गेला. शंख ओठांवरच होता. काकाने तर सुटलेल्या मालगाडीशी शर्यत लावली. फलाटाच्या टोकाला गाडीला मागे टाकलं, बाकावर बसला, मिशीवर ताव दिला आणि तसाच गेला. गाडीने शिट्टी दिली ती काकाला सलामी.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मछलियाँ छोड़िए. उम्र?"

आमच्या घरात ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आणि हजारदा सांगितली, पण त्यात वय कधी नव्हतं. शोभाने हळूच सांगितलं, कारण सासूबाईंनी तिला सांगितलं होतं. आजोबा अडतीसचे. काका एकोणतीसचा.

मॅडमनी दोन्ही वयं लिहून घेतली.

"और आपके पिताजी?"

बाबा म्हातारे होऊन गेले. जन्मभर धापा टाकत. आम्ही म्हणायचो, दमा.

मॅडमनी कागदावर चौकोन आणि गोल काढले. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजोबांच्या चौकोनावर काट, काकाच्या चौकोनावर काट. मग बाबा, माझा थोरला दादा, मी. मग माझ्या चौकोनाखाली एक रेघ ओढून त्यांनी एक गोल काढला आणि त्यात काहीच भरलं नाही.

"ये कौन है?" दारात उभ्या मुक्ताकडे बघून त्यांनी विचारलं.

त्या क्षणापासून माझ्या आजाराची मला काही पडलेली नाही.

आता हृदयातल्या मायोसिनचं सांगतो. मला हे समजायला तीन भेटी लागल्या. मुक्ताला पाच मिनिटं.

हृदयाच्या स्नायूत दोन जातींचे धागे असतात. बारीक तो ॲक्टिन, जाड तो मायोसिन. मायोसिनच्या धाग्याला असंख्य बारीक मुंडकी असतात. मुंडकं ॲक्टिनला पकडतं, ओढतं, सोडतं, पुढचं पकडतं. अशी सगळीकडची मुंडकी एकदम ओढतात तेव्हा एक ठोका पडतो. प्रत्येक ओढीला इंधन लागतं. त्या इंधनाचं नाव एटीपी.

पण चांगल्या हृदयात सगळी मुंडकी कामावर नसतात. बरीचशी मागे दुमडून निजलेली असतात, इंधन वाचवत. गरज पडली, माणूस पळाला, जिना चढला, की ती उठतात.

मी रायपूरजवळच्या उरला आणि बीरगांव भागातल्या कारखान्यांना हातमोजे, हेल्मेट, बूट पुरवतो. मला पाळ्या कळतात. सकाळची पाळी काम करते तेव्हा रात्रीची घरी घोरत असते, म्हणून कारखाना चालतो. माझ्या मायोसिनमध्ये जन्मापासून एक बारीक बिघाड होता. त्यामुळे निजलेली मुंडकीसुद्धा उठून कामाला लागत. तिन्ही पाळ्यांचे मजूर एकदम आत. सगळे ओढतात, कोणी सोडत नाही, कोणी बसत नाही. हृदय आवळतं जोरात, पण सैल पडायला त्याला फुरसत नाही. सैल पडलं नाही तर भरणार कसं? म्हणून धाप. आणि एवढी मेहनत करून स्नायू पहिलवानासारखा फुगला, म्हणून जाड भिंत.

"आपके यहाँ कोई सोता ही नहीं," मॅडम म्हणाल्या. "आपको थोड़े कामचोर चाहिए."

"मॅडम, हे पूर्ण शरीराने कामचोरच आहेत," शोभा म्हणाली. "फक्त हृदयाले कोणी सांगितलं नाही."

आधी त्यांनी मेटोप्रोलॉल दिलं. हे बीटा ब्लॉकर, हृदयाची गती कमी करतं म्हणजे भरायला वेळ मिळतो. त्याने चक्कर थांबली पण धाप राहिली. चोवीस तास छातीला तारा चिकटवून होल्टर केलं, म्हणजे ठोक्यांची नोंद. त्यात मधूनच काही ठोके घोड्यासारखे उधळलेले सापडले. एमआरआय झाला. आजोबा आणि काकाची वयं, माझं वारंवार पडणं आणि ते उधळलेले ठोके हे सगळं एकत्र ठेवून मॅडम म्हणाल्या, छातीत आयसीडी बसवायचं. हृदय वेडंवाकडं धावायला लागलं तर झटका देऊन ताळ्यावर आणणारी ही डबी. डाव्या खांद्याखाली बसवली. चौकीदार आहे, आजवर त्याला उठावं लागलेलं नाही. पाऱ्यात मी सांगितलं की तिच्यावर मोबाइल चार्ज होतो. दोघं चार्जर घेऊन आले.

दाराचा अडथळा काढायला दोन रस्ते होते. एक, ऑपरेशन करून जाड भिंत तासायची, मायेक्टमी. दुसरा, भिंतीला रक्त देणाऱ्या बारीक धमनीत अल्कोहोल सोडून तेवढा स्नायू वाळवायचा. हे ऐकून बिलासपूरचा माझा दादा, रेल्वेतून निवृत्त झालेला, फोनवर म्हणाला, "हृदयात दारूच सोडायची आहे तर दवाखान्यात कायले जातं? मी गावाकडची आणतो, मोहाची."

पण त्याआधी मॅडमनी तिसरं सांगितलं. नवीन गोळी आली आहे, मायोसिन इन्हिबिटर. इन्हिबिटर म्हणजे आवर घालणारा. ही गोळी सरळ त्या मुंडक्यांकडे जाते आणि त्यांतल्या जास्तीच्या कामसूंना परत निजवते. रोग जिथे आहे तिथेच औषध. मात्र कामचोरी हाताबाहेर गेली तर हृदय थकतं, म्हणून ठरल्या वेळी एको करावाच लागतो. आणि मी ज्या अॅसिडिटीच्या गोळ्या दाण्यांसारख्या खात होतो, त्यांतल्या काही ह्या औषधाचं प्रमाण रक्तात वाढवतात, म्हणून बंद. हे नीट ऐका: डॉक्टरांना तुमच्या सगळ्या गोळ्या सांगा, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्यासुद्धा. मी सांगितल्या नव्हत्या. शोभाने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर आपटली.

ही गोळी सुरू केल्यावर दुसऱ्या एकोच्या वेळी तंत्रज्ञ भैयाने मला जोर लावायला सांगितला. मी लावला. रेघ थोडीच वर गेली. "और लगाइए," तो म्हणाला. मी तोंड लाल केलं. रेघ तिथेच. तो मॅडमना छत्तीसगढीत म्हणाला, "हव मॅडम, गेट खुल गे हे."

आमच्या घरी त्या दिवशी पुरणपोळी व्हायला पाहिजे होती. झाली नाही.

कारण मुक्ताचा गोल अजून रिकामा होता.

आधी माझं रक्त तपासायला गेलं होतं. त्यात बिघाड सापडला एमवायएच सेव्हन नावाच्या जीनमध्ये. जीन म्हणजे शरीराजवळची कृती. ह्या जीनमध्ये हृदयाचं मायोसिन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. हजारो अक्षरांच्या कृतीत एकच अक्षर बदललेलं. ही कृती प्रत्येकाजवळ दोन प्रतींमध्ये असते, एक आईकडून, एक बापाकडून. माझी एक प्रत चांगली, एक बिघडलेली. मुलाला मी त्यांतली एकच देतो. चांगली दिली की बिघडलेली, ते पन्नास-पन्नास. नाणं उडवल्यासारखं. आणि ते नाणं मुक्ताच्या जन्माआधीच पडून गेलेलं होतं. आम्ही फक्त मूठ उघडायची वाट पाहत होतो.

मुक्ताचा एको चांगला आला. शोभाने तिथेच हात जोडले. मॅडम म्हणाल्या, "आज दीवार पतली है. आगे मोटी नहीं होगी, ये एको से नहीं कह सकते. ख़ून की जाँच करेंगे. तब तक खेल बंद."

"बंद मतलब?" मुक्ताने विचारलं.

"प्रैक्टिस नहीं, मैच नहीं."

"मुझे तो कुछ होता ही नहीं."

"तुझ्या बाबांच्या काकालाही काही होत नव्हतं," मॅडम मराठीत म्हणाल्या. त्या आमच्यासमोर पहिल्यांदाच मराठी बोलल्या, तेही असं.

मॅडमनी दादालाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. दादा भडकला. "आपल्या खानदानीत हार्टचा पेशंट कोणीच नाही. आजोबा विसर्जनाच्या आरतीत गेले. असं मरण भाग्यवंताले भेटते. तू त्याले बीमारी म्हणतं?"

मी एरवी दादाला दहा खोट्या गोष्टी सांगून घेऊन आलो असतो. तेव्हा मात्र मला एकच सुचली आणि ती खरी होती. "दादा, काका एकोणतीसचा होता. तुझा पोरगा किती वर्षांचा आहे?"

मग त्याने विचारलं, "रविवारी तिथं डॉक्टर असते का?"

दादात तो बिघाड निघाला, लक्षणं काही नाहीत. त्याच्या पोरात पण निघाला. पोराची भिंत अजून पातळ आहे. त्याची कबड्डी सुटली, पण तो मॅडमच्या नजरेखाली आहे. काकाला अशी नजर मिळाली नव्हती.

आणि ह्या बातमीने माझ्या घरात शेवटचा आवाजही बंद झाला. दोन नाणी पडली होती, दोन्ही उलटी. मॅडमनी समजावलं, एका नाण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. डोक्याला पटलं. पोटाला नाही.

मुक्ता प्रॅक्टिसच्या वेळेला गच्चीवर जाऊन बसायची. चेंडू तिने पलंगाखाली सरकवून दिला होता. मी दिवाणखान्यात बसून राहायचो. पाऱ्यातले लोक यायचे, काकू यायच्या. "आता देव येत नाही का हो तुमच्यात? आम्ही कोणाले विचारायचं?" मी नुसती मान हलवायचो. शंख कपाटात होता. गप्पा बंद. एका संध्याकाळी शोभा चहा ठेवून समोर बसली आणि म्हणाली, "अहो, काही तरी फेका ना."

"काय फेकू?"

"काहीही. वाघ, मासे, काही. घर कसं सुनं लागून राहिलं."

मी तोंड उघडलं. वाघ आला, पण तो बिचारा दारातच बसून राहिला, पुढे काही केल्या सरकेना.

"राहू द्या," शोभा म्हणाली. तिने माझा कप स्वतःच उचलून माझ्या हातात दिला. तसं ती रोजच देते. त्या दिवशी हात सोडला नाही.

रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी फोनवर काही सांगितलं नाही, या म्हणाल्या. फोनवर सांगत नाहीत म्हणजे काय, यावर मी वाटेत इतके निष्कर्ष काढले की एखाद्या विद्यापीठाने पदवी दिली असती. वेटिंग रूममध्ये आमच्यासमोर एक म्हातारे गृहस्थ पापड खात होते. त्या कुरकुर आवाजाचा मला आयुष्यभर राग येणार आहे.

आत गेलो. बसायच्या आधीच मॅडम म्हणाल्या, "नहीं है."

आम्ही तिघंही उभेच.

"मुक्तामध्ये तो बदल नाही. हा आजार तिला नाही. तिच्या मुलांनाही तिच्याकडून जाणार नाही. दरवर्षी एको करायची गरज नाही." मग मुक्ताकडे बघून, "तुम्हें मेरे पास आने की ज़रूरत नहीं. मिठाई लेकर आ सकती हो."

शोभा खुर्चीत बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मुक्ताने विचारलं, "तो मैं कल प्रैक्टिस जाऊँ?"

"आज जा," मॅडम म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांतून आलेल्या पाण्याने तेलीबांधा तलाव भरून वाहिला, असं मी नंतर सांगितलं. प्रत्यक्षात मी मॅडमचा पेपरवेट उचलून खिशात घातला आणि तो घरी गेल्यावर सापडला. दुसऱ्या दिवशी परत केला, पेढ्यांसकट.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना एवढंच सांगतो. जोर लावल्यावर, पळाल्यावर, शंख फुंकल्यावर कोणी कोसळलं तर आधी नारळ आणू नका, आधी डॉक्टरकडे न्या. देव समजून घेईल. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ती गोष्ट कितीही सुंदर असो, त्यातलं वय विसरू नका. आणि एकाला निघालं तर भाऊ-बहीण, मुलं, सगळ्यांची तपासणी करा. "मले काही होत नाही" हे उत्तर चालत नाही. गोळी रोज घ्या. पाणी प्या. एकोची तारीख चुकवू नका. मॅडमसारख्या माणसाने मासे सोडून वय विचारलं तर कृतज्ञ राहा. मी आहे. त्या मला भेटल्या नसत्या तर माझ्यावर आज दादा सुरेख गोष्ट सांगत बसला असता.

आता मी तीन जिने चढतो. शोभा म्हणते, एकच चढता, तोही जेवायला हाक मारली की. असेल.

परवा मुक्ताच्या कॉलेजची मॅच होती. बऱ्याच महिन्यांनी ती मैदानात उतरली. मी आणि शोभा पायऱ्यांवर सावली बघून बसलो. पाऱ्यात आल्यावर सगळ्यांनी घेरलं, काय झालं, सांगा. मला माहीत होतं त्यांना काय हवंय: अर्ध्या मैदानातून फेकलेला चेंडू, शेवटचा सेकंद, प्रेक्षक रडतात. मी सांगितलं, मुक्ताची टीम हरली. तिने टाकलेले सगळे बास्केट चुकले. एक चेंडू तर बाहेर पानठेल्यावर गेला.

लोकांना ते खोटं वाटलं. त्यांना वाटलं मी काही तरी लपवून राहिलो.

लपवायला काही नव्हतं. मॅच संपल्यावर ती पळतच पायऱ्या चढून वर आली, कमरेवर हात ठेवून आमच्यासमोर वाकून उभी राहिली आणि धापा टाकायला लागली. शोभाने माझा हात धरला. मीही बघत होतो, ओठ, मानेची शीर, सगळं. ती वाकलेलीच म्हणाली, "क्या देख रहे हो दोनों? पानी दो ना."

थोड्या वेळाने तिचा श्वास आपोआप जागेवर आला. मी उठलो आणि पाणी आणायला गेलो. स्वतः.